सुट्टीत कामाला लागताय? ‘अठरा पूर्ण’ म्हणण्याआधी हे वाचा

अकरावीचा शेवटचा पेपर सुटला की स्टाफरूमच्या दारात दोन-चार पोरं हमखास उभी असतात, सर कुठं काम असलं तर सांगा ना, सुट्टीत नुसतं बसून काय करू. कुणाला मोबाइल घ्यायचा असतो, कुणाला बारावीच्या क्लासची फी जमवायची असते, आणि काहींच्या घरी खरंच गरज असते, ती पोरं कारण सांगत नाहीत पण पायातल्या चपलेकडे बघून कळतं. मी कुणालाच काम करू नको म्हणत नाही, मी स्वतः केलंय. पण कामावर जाण्याआधी समोर बसवून जे सांगतो ते एकदा सगळं लिहून टाकतोय, म्हणजे दरवर्षी घसा कोरडा करायला नको.

आधी माझंच ऐका. दहावीनंतरची सुट्टी, वय १६, एका केटरिंगवाल्याकडे वाढप्याचं काम. पहिल्या दिवशी त्याने वय विचारलं, मी सोळा म्हटलं, तर तो हसला आणि म्हणाला कुणी विचारलं तर अठरा पूर्ण सांगायचं, कळलं ना? कळलं. चौथ्या लग्नात रात्री साडेदहाला रश्श्याचं पातेलं दोघं मिळून उचलून नेत होतो, फरशीवर तेल सांडलेलं, पुढच्याचा पाय सटकला आणि उकळता रस्सा माझ्या डाव्या हातावर कोपरापर्यंत आला. कुणीतरी टूथपेस्ट थापली. स्कूटरवरून दवाखान्यात नेताना वाटेत मला पढवलं, डॉक्टरांनी विचारलं तर घरी चहा करताना भाजलं म्हणायचं. मी तेच म्हटलं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. खर्च वडिलांनी केला. पुढच्या आठवड्यात राहिलेले पैसे मागायला गेलो तर वर ऐकून घ्यावं लागलं, तू आमच्याकडे कामाला होतास याला पुरावा काय?

म्हणजे मी दोन खोटं बोललो, एक वयाचं आणि एक जागेचं, आणि दोन्हीचा फायदा त्याला झाला, मला शून्य. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या दोन खोट्यांभोवतीच फिरतं.

वयाचं गणित

मुलांना कामाला ठेवण्याबद्दलचा कायदा तसा जुना आहे, १९८६ चा, पण तेव्हा त्यात फक्त १४ च्या खालची मुलं होती. २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १४ पूर्ण ते १८ च्या आतले सगळे ‘किशोरवयीन’ म्हणून त्यात आले. माझ्या वेळी हे नव्हतं, तुमच्या वेळी आहे. नाव पण बदललं, आता बाल आणि किशोरवयीन कामगार कायदा म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवे लेबर कोड लागू झाले, त्यात बाकीचे बरेच कामगार कायदे गेले, पण हा कायदा त्यांच्यात मिसळलेला नाही, वेगळाच आहे. त्यामुळे ‘ते जुनं सगळं रद्द झालं’ असं कुणी सांगितलं तर त्याला म्हणावं नीट वाच.

वय १४ च्या आत असेल तर नोकरी हा विषयच नाही, दुकान असो, शेत असो, हॉटेल असो. दोनच सवलती आहेत. एक म्हणजे घरच्या धंद्यात मदत, ती पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात नाही, आणि दिवसाला ३ तासांच्या वर नाही. घरचे म्हणजे कोण तर आई-वडील, भाऊ-बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. कायद्यात हे असं लिहिलंय, त्यामुळे ‘आमच्या गावचा आहे, घरच्यासारखाच’ हे चालत नाही. आणि घरचं असलं तरी गॅरेज, ढाबा, हॉटेल, पॉवरलूम असल्या ठिकाणी १४ च्या आतल्या पोराची मदतही नको, ती यादी वेगळी आहे.

दुसरी सवलत कलाकारांची. सिरियल, जाहिरात, रिअॅलिटी शो वगैरे, सर्कस सोडून. पण त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, आणि कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावाने बँकेत फिक्स डिपॉझिटला टाकावे लागतात. घरात बालकलाकार असेल तर ही एफडीची पावती एकदा बघून ठेवा, बऱ्याच आईबापांना हे माहीतच नसतं.

१४ ते १८ मधले असाल, म्हणजे ही पोस्ट जास्त करून ज्यांच्यासाठी आहे ते, तर काम करता येतं पण धोकादायक कामं सोडून. धोकादायक म्हणजे खाणी, स्फोटक आणि पेट घेणारे पदार्थ, आणि कारखान्यांतल्या घातक प्रक्रिया, ज्यांची लांबलचक यादी आहे. त्यातली एक गोष्ट मोठ्यांनाही माहीत नसते. फटाके. कारखान्यातच नाही, फटाक्यांची विक्री आणि साठवणसुद्धा १८ च्या आतल्यांना बंद आहे. दिवाळीला मैदानावर स्टॉल लागतात आणि गल्लीतली सतरा वर्षांची पोरं आठ दिवस तिथे बसतात, रात्री मालाची राखण करायला तिथेच झोपतात पण, हे थेट कायद्याबाहेर आहे आणि खरं सांगू का, कायदा नसता तरी मी माझ्या पोराला तिथे झोपू दिलं नसतं.

वेल्डिंग, थिनर, स्प्रे पेंटिंग यांचंही तसंच. पेणला किंवा आपल्या गावात गणपतीच्या कारखान्यात ब्रशने डोळे-दागिने रंगवायला बसणं वेगळं आणि थिनर उडणाऱ्या बंद खोलीत स्प्रेगन धरणं वेगळं. पहिलं करा, दुसऱ्याला नाही म्हणा.

डिलिव्हरीचं खूप जण विचारतात. १६ ला जे लायसन मिळतं ते ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आज रस्त्यावर दिसणारी बहुतेक स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसी. त्यामुळे मालक ‘गाडी देतो, फक्त गल्लीतल्या गल्लीत टाकून ये’ म्हणाला तरी नाही. १८ च्या आतला पोरगा गाडीसकट सापडला तर पालकावर किंवा गाडीमालकावर २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द. अपघात झाला तर इन्शुरन्सची भानगड वेगळीच.

किती तास, किती वाजेपर्यंत

१८ च्या आतल्यांसाठी नियम सोपा आहे, पाठच करा. सलग ३ तासांच्या वर काम नाही, मग १ तास सुट्टी. सुट्टी धरून, आणि ‘थांब रे जरा, गिऱ्हाईक येईल’ म्हणून बसवून ठेवलेला वेळ धरून, दिवसाला एकूण ६ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइम नाही. एका दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी.

आता हे वाचून तुमच्या डोक्यात जे आलं ते माझ्याही आलं होतं, की मग केटरिंग कसं करायचं, लग्नाची पंगत तर आठला बसते. बरोबर. रात्रीच्या रिसेप्शनची वाढप १८ च्या आतल्याला कायद्याने करताच येत नाही, दुपारच्या लग्नाची करता येईल. म्हणूनच तर ‘अठरा सांग’ म्हणतात. पहाटेची दुधाची आणि पेपरची लाइन पण सकाळी आठच्या आधीची. तुम्हाला कुणीतरी काका ‘अरे कलामसाहेब लहानपणी पेपर टाकायचे’ असं नक्की ऐकवणार, खरं आहे ते, पण कलामसाहेब पेपर टाकत होते तेव्हा हा कायदा नव्हता आणि रस्त्यावर डंपरही नव्हते.

कामाचं आणि शिक्षणाचं वैर आहे असं मला म्हणायचं नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत सुरू केली ती पोरांनी घाम गाळून शिकावं याच विचारावर उभी राहिली, आणि आज कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना चालते ती त्यांच्याच नावाची आहे. १८ पूर्ण झालेत आणि कॉलेजात आहात तर आधी ऑफिसात जाऊन या योजनेची चौकशी करा. लायब्ररी, लॅब, ऑफिस, बाग असली कामं असतात, तास ठरलेले, पैसे खात्यात, परीक्षेच्या वेळी कुणी अडवत नाही. पैसे थोडे कमी वाटतील, पण हॉटेलात रात्री बारापर्यंत भांडी विसळण्यापेक्षा हे कधीही बरं.

पहिल्या दिवशी काय द्यायचं, काय नाही द्यायचं

द्यायची फक्त झेरॉक्स. शाळा सोडल्याच्या दाखल्याची किंवा दहावीच्या सर्टिफिकेटची, ज्यावर जन्मतारीख आहे. आधार सगळीकडे मागतात, द्या, पण आधारवरची तारीख हा वयाचा पक्का पुरावा होत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ ला म्हटलंय, दाखल्याचं वजन जास्त. ओरिजिनल मार्कशीट, ओरिजिनल दाखला, एटीएम कार्ड हे कुणालाही ठेवायला द्यायचं नाही. ‘पोरं मध्येच पळून जातात म्हणून ठेवून घेतो’ असं गोड बोलून घेतात आणि मग पोरगं तीन महिने सुटत नाही, माझ्या एका विद्यार्थ्याचं अॅडमिशन या एका कारणाने जवळजवळ हुकलं होतं, शेवटी वडील आणि मी दोघं जाऊन बसलो तेव्हा ड्रॉवरमधून मार्कशीट निघाली, वर चहाचे डाग.

बॉण्ड पण असाच. ‘एक वर्ष सोडणार नाही, सोडलं तर १० हजार भरीन’ असल्या कागदावर सह्या घेतात. १८ च्या आतल्याने केलेला करार आपल्याकडे कायद्याने करारच नसतो, त्यामुळे झोप उडवून घ्यायची गरज नाही, पण मुळात सही करायचीच कशाला.

१४ ते १८ च्या पोराला कामावर ठेवलं तर मालकाला रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात नाव, जन्मतारीख, कामाचे तास, सुट्टीची वेळ, कामाचं स्वरूप. ३० दिवसांत इन्स्पेक्टरला कळवावंही लागतं. छोट्या दुकानात हे कुणी करत नाही हे मला पण माहितीये. म्हणून स्वतःचा पुरावा स्वतः तयार करायचा, आणि त्याला व्हॉट्सअॅप पुरतं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर एक साधा मेसेज टाका, असा काहीतरी:

‘दादा नमस्कार, मी आजपासून दुकानात यायला लागलोय. ठरल्याप्रमाणे वेळ ११ ते ५, मध्ये २ ते ३ सुट्टी, मंगळवारी बंद, आणि रोजचे ४०० रुपये. बरोबर ना? पहिल्या आठवड्याचे पैसे शनिवारी घेईन.’

यात भांडण नाही, उद्धटपणा नाही. तिकडून ‘हो’ आलं, नाहीतर नुसता अंगठा आला तरी बास. माझ्याकडे तेव्हा हा एक अंगठा असता ना.

सोबत एक छोटी वही ठेवा. तारीख, किती वाजता गेलो, किती वाजता सुटलो, किती पैसे मिळाले. रोज लिहायची, आठवड्याने एकदम बसून नाही, एकदम लिहिलेलं शाईवरून पण कळतं.

१८ पूर्ण असाल तर नेमणूकपत्र मागा, नव्या कोडमध्ये ते देणं आलंय. आयटीआयची पोरं एमआयडीसीत ‘ट्रेनी’ म्हणून जातात त्यांनी एक बघायचं, तुमचा अॅप्रेंटिसशिपचा करार झालाय का आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदलाय का. वय कमी असेल तर करारावर पालकाची सही लागते. करार नाही, स्टायपेंड रोख, आणि काम मात्र पर्मनंट माणसाचं, तर तुम्ही शिकाऊ नाही, स्वस्तातले कामगार आहात. धोक्याच्या उद्योगातल्या ट्रेडला अॅप्रेंटिससाठीही १८ पूर्ण लागतात.

हातपाय सांभाळायचं

कायदा वाचून हात भाजायचा थांबत नाही, म्हणून हा भाग नीट वाचा.

किचन आणि केटरिंग. गरम पातेलं उचलायच्या आधी रस्ता बघायचा, फरशीवर तेल-पाणी असेल तर आधी पुसायचं, कितीही घाई असू दे. आचारी ओरडतो, ओरडू दे. सपाता घालून किचनमध्ये जायचं नाही, बंद बूट. मागून गरम घेऊन येताना मोठ्याने ‘गरम, गरम’ ओरडायचं, लाज वाटते सुरुवातीला पण जुने वाढपी सगळे ओरडतात ते उगाच नाही. उकळत्या तेलात ओला झारा घालायचा नाही. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण चालू पण नाही आणि बंद पण नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर, मग १९०६ ला फोन, हा गॅस गळतीचा नंबर आहे, देशभर चालतो.

भाजलं तर साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ पण नाही. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढायचं कारण सूज आली की निघत नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना. माझ्या हातावर मनगटाजवळ चामडी अजून आवळलेली आहे, डॉक्टर तेव्हा पेस्ट खरवडून काढताना जे बोलले होते ते इथे लिहिता येत नाही.

रसवंती. दिसायला किती साधं काम, ऊस घालायचा आणि रस काढायचा. पण त्या चरकाला कळत नाही ऊस कुठे संपला आणि बोटं कुठे सुरू झाली. ऊस दुमडून परत घालताना हात आत जातो, तिथेच घात होतो. शेवटचं टोक हाताने ढकलायचं नाही, दुसऱ्या उसाने ढकलायचं. अडकलं तर मशीन बंद करायचं, नुसतं बटण नाही, प्लग काढायचा, मग हात. बेकरीतलं पीठ मळायचं मशीन, पिठाची गिरणी, मसाला कांडप, सगळ्यांना हाच नियम. गिरणीच्या पट्ट्याजवळ ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या, हातातले धागे-गंडे काही नको. ओढणी घरून येताना घ्या, कामावर आल्यावर घडी करून पिशवीत. चालू मशीन पुसायला किंवा ऑइल घालायला सांगितलं तर सरळ सांगा, दादा बंद करतो मग पुसतो.

साफसफाई. बाथरूमचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायचं नाही, कुणी म्हणालं दोन्ही टाकलं की चकाचक होतं तरी नाही. त्यातून क्लोरीन सुटतो, छोट्या बंद बाथरूममध्ये दोन मिनिटांत श्वास कोंडतो. आणि टाकीत, चेंबरमध्ये, बायोगॅसच्या खड्ड्यात उतरायचं नाही. पन्नास रुपये जास्त देतो म्हणाले, हजार देतो म्हणाले, नाही. कुणी आत पडलेलं दिसलं तरी मागोमाग उडी मारायची नाही, १०१ आणि १०८ ला फोन करायचा. एकाला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशीच बातमी असते दरवेळी.

मांडव आणि डेकोरेशनवाले. लोखंडी शिडी घेऊन वर बघत चला, वरून तार गेलीये का. ओल्या मैदानात उघडी वायर दिसली तर हात न लावता मेन स्विच कुठे आहे ते विचारा, कामाला लागायच्या आधीच विचारलेलं बरं. शॉक लागलेल्या माणसाला हाताने ओढायचं नाही, आधी मेन बंद.

कपड्याच्या, मोबाइलच्या दुकानात एवढा धोका नाही, पण एक सवय वाईट असते, रात्री शटर अर्ध्यापेक्षा जास्त खाली ओढून आत स्टॉक मोजत बसायचं. आग लागली तर बाहेर पडायला तेवढीच एक वाट, आणि ती पण बंद. मागचा दरवाजा कुठे आहे आणि त्यावर खोकी रचलीत का, पहिल्याच दिवशी बघून घ्या.

ऑनलाइन कामाला हात भाजत नाही पण त्यात वेगळं भाजतं. रजिस्ट्रेशन फी मागणारं डेटा एन्ट्रीचं काम खोटं असतं. आणि तुमचं बँक खातं ‘वापरायला’ देऊन महिन्याला दोन-तीन हजार कमवायचा धंदा कुणी सांगितला तर तिथून निघा, त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या घरी येतात, म्हणजे तुमच्या.

लागलंच तर

दवाखान्यात खरं सांगायचं. कुठे लागलं, कुणाकडे काम करताना लागलं, किती वाजता. केसपेपरवर ते लिहिलंय का बघायचं, नसेल तर डॉक्टरांना विनंती करून लिहून घ्यायचं. सोबत आलेला माणूस मालकाचा असेल तर आई-वडिलांना फोन करून ते येईपर्यंत थांबा, इलाज थांबवू नका, फक्त कागदावर सही करायची थांबवा. जागेचा फोटो, जखमेचा फोटो, औषधांच्या पावत्या, सगळं एका पिशवीत.

कामावर काम करताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची असते, वय कमी आहे म्हणून हा हक्क जात नाही. औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्चही त्यात येतो. अॅप्रेंटिसलाही हे आहे. ‘हे ५ हजार घे आणि काही तक्रार नाही म्हणून सही कर’ असला कागद करून हा हक्क काढून घेता येत नाही. १८ च्या वरचे, दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी, पगार २१ हजारांपर्यंत, तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापतात का विचारा. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालकाचे ३.२५ टक्के, त्या बदल्यात इलाज त्यांच्याकडे होतो, नंबर आधीच मागून ठेवा.

पैसे

रोजंदारी असेल तर त्या दिवशीचं काम संपल्यावर, आठवड्याचं असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब. ग्लास फुटला, बरणी फुटली म्हणून मनाला येईल तेवढं कापता येत नाही, आधी तुमचं म्हणणं ऐकायला लागतं आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. दंडाला तर मर्यादाच आहे, त्या पगाराच्या ३ टक्के, आणि १५ च्या आतल्याला दंडच नाही. किमान वेतन ठरलेलं असतं आणि महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, चालू आकडा कामगार आयुक्तांच्या वेबसाइटवर असतो.

१८ च्या आतल्याला कामाला बांधून ठेवणं किंवा त्याची कमाई दाबून ठेवणं हे बाल न्याय कायद्यात फार मोठं प्रकरण आहे, ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड. हे मालकाला पहिल्याच दिवशी ऐकवायचं नाही हां. तिसऱ्यांदा ‘उद्या ये’ म्हटल्यावर वडिलांना घेऊन जा आणि मग शांतपणे सांगा.

मुलींसाठी, आणि मुलांसाठीसुद्धा

अंगचटीला येणं, नको ते मेसेज, सगळे गेल्यावर थांबवून घेणं. १८ च्या आत असाल तर हे पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात येतं, सरळ पोलीस किंवा १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, दुकानातल्या कुणाची परवानगी लागत नाही. मुलगा असला तरी पोक्सो लागतो, हे मुद्दाम लिहितोय कारण मुलं सांगतच नाहीत. १८ च्या वरच्या मुलींसाठी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा, इंटर्न आणि पार्टटाइम धरून. दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, छोट्या दुकानासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार साधारण ३ महिन्यांत द्यायची. मेसेज डिलीट करू नका, किळस वाटली तरी.

तक्रार कुठे

१०९८, चोवीस तास, फुकट, आणि नाव सांगायची सक्ती नाही. स्वतःसाठीही करता येतो, चहाच्या टपरीवर नऊ-दहा वर्षांचा ‘छोटू’ दिसला तर त्याच्यासाठीही. फोन करताना एवढं तयार ठेवा: जागा नेमकी कुठे, खूण काय, पोरगं साधारण किती वर्षांचं, किती वाजता दिसतं. केंद्र सरकारचं पेन्सिल नावाचं पोर्टल आहे, तिथे ऑनलाइन तक्रार होते. नाहीतर जिल्ह्याचं सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस, कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय. तातडीचं असेल तर ११२.

पोरं घाबरतात की तक्रार केली तर आम्हालाच पकडतील. नाही. बाल कामगार कायद्यात काम करणारं मूल गुन्हेगार नसतं. १४ च्या आतल्याला ठेवलं किंवा १८ च्या आतल्याला धोक्याच्या कामाला लावलं तर मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. तास आणि रजिस्टर मोडलं तर १ महिन्यापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. आई-वडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही. १४ च्या आतलं पोरगं सोडवलं तर बालकल्याण समितीपुढे नेतात, तिथून घरी नाहीतर शाळेत.

ऊसतोडीला आई-बापाबरोबर जाणाऱ्या पोरांचं मात्र या सगळ्यात बसत नाही, दिवाळीच्या आसपास बीडकडची गाडी निघाली की पोरगं मार्चशिवाय वर्गात दिसत नाही, आणि फडात ते मोळ्या बांधतं की धाकट्याला सांभाळतं हे कोण मोजणार. तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर गाडी निघायच्या आधी मुख्याध्यापकांना सांगा, हंगामी वसतिगृह मंजूर होतं का ते त्यांनी आधी बघावं लागतं, गाडी गेल्यावर उपयोग नाही.

आणि आता ज्यांना उद्याच जायचंय त्यांनी दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक मालकाला, एक घरी. मालकाचं नाव आणि दुकानाचा पत्ता आईच्या फोनमध्ये टाकून ठेवा. वय विचारलं की जे आहे ते सांगा. त्यावर ‘अठरा सांग’ असं उत्तर आलं तर तिथला चहा प्या आणि घरी या, सुट्टी अजून दोन महिने आहे.